दुसऱ्या किडनीचं काय झालं?

प्रिय,

तुझा मेसेज वाचला. किडनी बसवून चोविसावा दिवस, ताप, कालपासून बरळणं. जंतूंचं कल्चर, सीएमव्ही आणि हर्पीस या विषाणूंच्या तपासण्या, सगळं निगेटिव्ह. आता तपासण्यांचं कुठलं पॅनल पाठवू, असं विचारलं आहेस.

पॅनलचं नंतर बघू. आधी झेडटीसीसीच्या, म्हणजे अवयववाटप बघणाऱ्या विभागीय केंद्राच्या, समन्वयकांना फोन लाव. त्याच डोनरची दुसरी किडनी आणि लिव्हर ज्यांना मिळालं, ते पेशंट कसे आहेत ते विचार.

२००६ च्या अखेरीस मेलबर्नमध्ये एकाच डोनरचे अवयव मिळालेले तिघे चार ते सहा आठवड्यांत गेले. दोघांना किडनी, एकीला लिव्हर. कल्चर, विषाणूचे जनुकीय अंश शोधणाऱ्या पीसीआर आणि मायक्रोअ‍ॅरे, कशातच काही सापडेना. एकाच पेशंटकडे बघितलं असतं तर 'कारण कळलं नाही' असं लिहून फाईल बंद झाली असती. तिघं एका डोनरचे आहेत हे दिसलं, म्हणून नमुने न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे सिक्वेन्सिंगने वाचलेल्या एक लाखाहून जास्त जनुकीय तुकड्यांत फक्त १४ तुकडे एका नव्या अरेनाव्हायरसचे (हे विषाणू बहुधा उंदरांकडून येतात) निघाले. मग डोनरच्या रक्तात त्याच्याविरुद्धच्या अँटीबॉडीज मिळाल्या. डोनर मेंदूतल्या रक्तस्रावाने गेला होता. त्याआधी तो पूर्वीच्या युगोस्लाव्हियातल्या खेड्यांत फिरून आला होता.

तुझ्या पेशंटच्या अँटीबॉडी रिपोर्टवर मात्र विसंबू नकोस. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना शरीर अँटीबॉडी उशिरा बनवतं, कधी बनवतच नाही. विषाणूच शोध, म्हणजे पीसीआर. सीएसएफ, म्हणजे पाठीतून मेंदूभोवतीचं पाणी, काढाल त्यातलं थोडं उणे ७० अंशांवर राखून ठेव, सगळं संपवू नकोस.

आणि रेबीज डोक्यात असू दे. २००५ मध्ये जर्मनीत एका डोनरच्या अवयवांतून तिघे रेबीजने गेले. ती डोनर काही महिन्यांपूर्वी भारतात येऊन गेली होती. लिव्हर मिळालेला पेशंट वाचला, त्याने पूर्वी कधीतरी लस घेतलेली होती. आपल्याकडे कुत्रं चावलं तर कितीतरी जण जखम धुवून कामाला लागतात, घरीही सांगत नाहीत. डोनरच्या फॉर्मवर ते कुठून येणार?

म्हणून डोनरच्या घरच्यांशी बोलावं लागेल. समन्वयकांना सोबत घे. कुत्रं, मांजर, वटवाघूळ, उंदीर, प्रवास, शेवटच्या दिवसांतलं वागणं, सगळं विचार, पण सावकाश. त्यांनी आपलं माणूस गेल्याच्या दिवशी अवयव दिले आहेत. त्यांच्या दानाने कुणाचं वाईट झालं, असं तुझ्या आवाजातून त्यांना वाटता कामा नये.

फोन झाला की कळव, कितीही वाजले तरी.