गोठत्या थंडीत ट्रेलरचं पाणी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: डिसेंबरात कोलोरॅडोत ट्रेलर (गाडीमागे जोडायचं फिरतं घर) घेऊन गेलो होतो. गॅस वाचावा म्हणून इलेक्ट्रिक हीटर लावला. आत छान ऊब होती, तरी पहाटे सिंकचा नळ कोरडा! असं का झालं?

उत्तर: ऊब तुम्हाला मिळाली, पाइपांना नाही. ट्रेलरचे पाइप आणि टाक्या बहुतेक फरशीखाली किंवा ओट्यामागे बाहेरच्या भिंतीला लागून असतात. तळ बंदिस्त असेल तर फर्नेसच्या, म्हणजे ट्रेलरच्या गॅसवरच्या हीटरच्या, डक्टमधूनच थोडी गरम हवा तिथे सोडलेली असते. हीटरने खोली तापली की थर्मोस्टॅट फर्नेस पेटूच देत नाही, आणि तळ गारठतो. म्हणून पारा 32 फॅरनहाइटच्या खाली जाणार असेल तर मुख्य भार फर्नेसवरच ठेवा, इलेक्ट्रिक हीटर फक्त जोडीला. सिंकखालची कपाटं रात्री उघडी ठेवा. गॅस जास्त जाईल हे खरं: 20 पौंडांच्या सिलिंडरवर ताशी 30,000 बीटीयूची (बीटीयू म्हणजे उष्णतेचं एकक) फर्नेस सलग चालली तर जेमतेम 14 तास. ती सलग चालत नाही, तरी दुसरा भरलेला सिलिंडर सोबत हवाच.

गोठलेला पाइप ज्योतीने कधीही शेकू नका. पंप बंद करा, नळ उघडा, हेअर ड्रायरने सावकाश ऊब द्या. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. पेक्सचा (लवचिक प्लॅस्टिकचा) पाइप तेवढा ताण बऱ्याचदा सोसतो. तडकतात ते सांधे, व्हॉल्व्ह आणि पंपाचं डोकं. त्यामुळे बर्फ वितळल्यावर सगळे नळ बंद करून पंप चालू करा आणि कान देऊन ऐका. दाब भरल्यावर तो गप्प बसला पाहिजे. मधूनमधून घरघरला, तर कुठेतरी गळतंय.

प्रश्न: घरी करतो तसा रात्रभर नळ बारीक सोडून ठेवला तर?

उत्तर: ट्रेलरमध्ये नको. सांडपाण्याचा व्हॉल्व्ह बंद असेल तर टाकी भरून जाते. उघडा असेल तर ती बारीक धार बाहेरच्या नळीत थरावर थर गोठते. त्यापेक्षा संध्याकाळी आतली टाकी भरून घ्या, बाहेरून पाणी आणणारा होज काढून निथळवून ठेवा आणि पंपावर काम चालवा. सांडपाणी टाकी भरत आल्यावर एकदम सोडा.

प्रश्न: गाडीचं हिरवं अँटीफ्रीझ (गोठू न देणारा द्रव) घरात पडून आहे. चालेल?

उत्तर: अजिबात नाही. ते बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतं, म्हणजे विष. पिण्याच्या पाइपांत आरव्हीसाठीचं (ट्रेलरसारख्या फिरत्या घरांसाठीचं) गुलाबी, प्रोपिलीन ग्लायकॉलचंच घाला.

प्रश्न: परतल्यावर ट्रेलर अंगणात उभा राहणार. काय करू?

उत्तर: आधी वॉटर हीटर बंद करून पूर्ण निवू द्या. दाब सोडल्याशिवाय त्याचा पाणी काढायचा प्लग (बूच) काढू नका, उकळतं पाणी अंगावर येईल. टाक्या आणि पाइप रिकामे करा, वॉटर हीटर बायपास करा, म्हणजे त्याची वाट बंद करा, नाहीतर अँटीफ्रीझचे कॅनच्या कॅन त्यातच जिरतील. मग पंपाने गुलाबी द्रव ओढून प्रत्येक नळ, गरम आणि थंड दोन्ही बाजूंनी, रंग दिसेपर्यंत सोडा. टॉयलेटही फ्लश करा. प्रत्येक ड्रेनमध्ये कपभर ओता. आणि बाहेरचा शॉवर तपासाच. वसंतात फुटलेला सापडतो तो बहुतेक वेळा हाच.