कपाट कुणी सरकवलं?

मावशी,
मी 34 वर्षांची. दीड वर्षापूर्वी बाळंतपणानंतरचं वजन उतरवायला जिम लावली. तेव्हा नवऱ्यानेच हौसेनं बूट आणून दिले होते. वजन उतरलं, पण मला बारबेलची, म्हणजे वजनं लावलेल्या लांब दांड्याची, गोडी लागली. आता 80 किलोचा डेडलिफ्ट होतो, म्हणजे तेवढं वजन जमिनीवरून उचलून सरळ उभी राहते. मला खांदे रुंद करायचेत, दंड भरायचेत आणि आधाराशिवाय एक तरी पुल-अप मारायचाय. नवरा म्हणतो, ‘बारीक झालीस, आता पुरे. पुरुषी दिसायला लागलीस.’ मित्रांसमोर ‘हिच्याशी जपून बोलावं लागतं’ असे विनोद करतो. गेल्या महिन्यात मी एकटीनं कपाट सरकवलं, तर दोन दिवस धड बोलला नाही. हल्ली मी त्याला झुंबाला, त्या नाचाच्या व्यायामाला, जाते असं सांगते. तो वाईट नाही हो. मी थांबू का?
– झुंबावाली

झुंबावाली (नाव तूच घेतलंयस, मी नाही दिलं),

थांबू नकोस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील.

कपाटाची गोष्ट तू एका वाक्यात उरकलीस. मी मात्र तिथेच अडकले. दंडांवर तो विनोद करतो, कपाटावर मात्र दोन दिवस मुका. ज्याची चेष्टा करता येते ते माणसाला फारसं लागलेलं नसतं. जिथे जीभच रेटत नाही तिथे काहीतरी दुखतंय. घट्ट बसलेलं झाकण, वरच्या फळीवरची बॅग, जड सामान अशा फुटकळ कामांत कितीतरी नवरे आपली जागा धरून असतात. ‘अरे, जरा येतोस का?’ एवढी हाक आली की त्यांना बरं वाटतं. त्या दिवशी ती हाक आली नाही. तू मारायला हवी होतीस असं मी म्हणत नाही, कपाट सरकत होतं तर कशाला मारशील? पण ‘मग माझी गरज काय?’ हे त्याला म्हणता आलं नसणार. ‘पुरुषी दिसतेस’ हे आयतं तोंडाशी असतं, तेच बाहेर पडलं. अर्थात हा माझा तर्क. खरं काय ते त्यालाच विचारावं लागेल.

समजून घेणं वेगळं आणि बिनचूक ठरवणं वेगळं. बूट त्यानेच आणले होते ना? तू कमी होत होतीस तोवर तो खूश होता. तू वाढायला लागलीस आणि त्याचं ‘पुरे’ आलं. हे त्याच्या तोंडावर म्हणू नकोस, पण स्वतःशी विसरूही नकोस.

आता त्या ‘पुरुषी’चं बघू. प्रौढ बाईच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्नायू वाढवणारं हार्मोन, दर डेसिलिटरला साधारण 15 ते 70 नॅनोग्रॅम असतं, पुरुषाच्या 300 ते 1000. व्यायामानं बाईचे स्नायू वाढतात, आणि टक्केवारीत पाहिलं तर पुरुषांइतकेच छान वाढतात, पण सुरुवातच कमीपासून असते. त्याच्या डोळ्यांसमोर ज्या शरीरसौष्ठव स्पर्धेतल्या बायका आहेत, त्यांच्यामागे कित्येक वर्षांची मेहनत, काटेकोर आहार आणि फोटोच्या दिवसाची खास तयारी असते. काहींच्या बाबतीत औषधंही. (जिममध्ये कुणी ‘लवकर गेन्स’ म्हणून इंजेक्शन पुढे केलं तर तिथून उठून ये. त्यानं घोगरा झालेला आवाज सहसा पूर्ववत होत नाही.) जेवणातलं प्रोटीन आणि थोडं थोडं वाढवत नेलेलं वजन, एवढ्यावर तुझे खांदे भरतील. एका सकाळी उठून तू दुसरीच कुणी झालेली नसशील. आणि ज्या ‘टोन्ड’ हातांचं सगळे कौतुक करतात ना, तेही स्नायूच. फक्त नाव गोड.

तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू साधारण 3 ते 8 टक्क्यांनी झिजतात, पाळी गेल्यावर हाडंही. जागतिक आरोग्य संघटना सगळ्याच प्रौढांना आठवड्यातून किमान 2 दिवस स्नायूंचा व्यायाम करायला सांगते. हे सगळं खरं आहे, तरी नवऱ्यापुढे हाडांचं कारण पुढे करू नकोस. तुला हाडांसाठी नाही, आवडतं म्हणून रुंद खांदे हवेत. तब्येतीच्या आड ती इच्छा लपवलीस तर तोही एक झुंबाच.

त्याला भरलेले दंड आवडत नसतील, असू दे. आवडीवर वाद घालता येत नाही, आणि तसं त्यानं एकदा तुला एकटीला सांगितलं तर ऐकून घे. मित्रांसमोरचे विनोद ही आवडनिवड नव्हे. ‘चारचौघांत माझ्या अंगावर विनोद नको’ एवढंच म्हण, पुढे स्पष्टीकरण जोडू नकोस. त्यानंतरही चालूच राहिले, किंवा तो जिमचे पैसे अडवायला, येण्याजाण्यावर पहारा ठेवायला लागला, तर मामला दंडांचा उरला नाही. मग समुपदेशकाकडे जा, तो आला नाही तर एकटी जा.

एक चौकशी माझीही. तू जिममध्ये असतेस तेव्हा बाळ कुणाकडे असतं? पत्रात कुठेच नाही. रोज संध्याकाळी तोच सांभाळत असेल आणि दमत असेल, तर त्या तक्रारीत दम आहे. ती तासांची तक्रार आहे, कॅलेंडर घेऊन बसलात की सुटेल. तासांचा राग खांद्यांवर निघत असेल तर तेही त्याच बैठकीत कळेल.

बोलताना ‘तुला असुरक्षित वाटतंय’ हे वाक्य काढू नकोस, ते ऐकून आजवर कुणी मोकळं बोललेलं नाही. ‘कपाटाच्या दिवशी तुला काय झालं होतं?’ असं विचार आणि गप्प बस. बराच वेळ गप्प बसावं लागेल. त्यालाही जिमला ओढू नकोस. आपणहून आला तर येऊ दे, मात्र तयारीत राहा, तू दीड वर्षात उचललेलं वजन तो दोन महिन्यांत उचलेल आणि मग फुगून बसायची पाळी तुझी असेल!

राहता राहिला झुंबा. खोटं बोल असं तुला त्यानं सांगितलेलं नाही. कटकट नको म्हणून तू आपली आपणच कमी झालीस, आणि तीही बरोब्बर त्याला हवी तेवढी. उद्या जिमहून आलीस की ‘आज डेडलिफ्ट होता’ असं सांग. किलोसकट.

– मावशी