जुन्या आरएक्स १०० ला पल्सरचे मागचे शॉकअप बसतील का?

बसतील, पण घाई करू नका. तुमच्या १९९४ च्या आरएक्सचे शॉकअप तेल गळून बसलेत आणि पल्सर १५० चे गॅसवाले स्वस्तात मिळतायत, म्हणून विचारताय. नट आवळला गेला की काम झालं, असं बरेच जण सांगतील. नटाचं बघता येतं हो, खरा प्रश्न लांबीचा आणि स्प्रिंगचा आहे.

शॉकअपच्या दोन्ही टोकांना बोल्ट जायला गोल कडी असते, तिला डोळा म्हणतात. दोन्ही शॉकअप वरच्या डोळ्याच्या मध्यापासून खालच्या डोळ्याच्या मध्यापर्यंत मोजा. पाच-सात मिमी इकडेतिकडे असेल तर मी फार काळजी करत नाही. आरएक्सच्या दोन चाकांत साधारण सव्वा मीटर अंतर आहे. मागची बाजू २२ मिमी उचलली गेली की पुढचा फोर्क जवळजवळ एक अंश उभा होतो. वळताना गाडी चपळ वाटते, पण वेगात हँडल अस्थिर होतं. शिवाय शॉकअप एक्सलच्या पुढे आणि तिरका असतो, त्यामुळे लांबीतला फरक चाकापाशी आणखी वाढतो. साइड स्टँडवर गाडी जास्त कलते, डबल स्टँडवर चाक जमिनीवरून सुटतच नाही.

स्प्रिंगकडे तर कुणी बघतच नाही. आरएक्स जेमतेम १०० किलोची, पल्सर १४० च्या पुढची. बाकी सगळं सारखं ठेवून तार ७ च्या जागी ८ मिमीची घेतली, तर स्प्रिंग ७० टक्के कडक होते. उसाच्या ट्रॉल्यांनी खचलेल्या रस्त्यावर असं मागचं चाक दणके खात उडतं. स्प्रिंगखालची ताण बदलायची रिंग फिरवून स्प्रिंग मऊ होत नाही, गाडीची उंची तेवढी बदलते. तुम्ही बसल्यावर मागची बाजू एकूण चालीच्या पाव ते एक तृतीयांश दबायला हवी. रिंग सगळ्यात सैल करूनही तेवढी दबत नसेल तर तो शॉकअप सोडून द्या. आरएक्सच्या मापाचे नवे घेणं मला तरी जास्त पटतं.

एवढं जुळलं, की मगच बुश, म्हणजे डोळा गाडीच्या स्टडवर (शॉकअप अडकवायच्या दांड्यावर) नीट बसवणारी नळी. ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही लेथवर होतात. जुना स्टड सोबत न्या, तोंडी माप सांगू नका. आतली लोखंडी नळी डोळ्याच्या रुंदीपेक्षा अर्धा मिमी लांब ठेवायला सांगा. नट आवळल्यावर दाब नळीवर यायला हवा, डोळा आणि रबर मोकळं राहायला हवं. नळी आखूड पडली तर वायसर डोळ्यालाच दाबतो, रबर पिळायचं थांबतं आणि सगळा मार स्टडवर येतो. नट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी असू द्या, लटकलेल्या चाकावर नको.

लावण्याआधी एक तपासणी नक्की करा. दोन्ही शॉकअप काढून चाक हातानं वर उचला, नवा शॉकअप पूर्ण दबल्यावर जेवढा आखूड होईल तेवढं. टायर मडगार्डला लागतो का? चेन चिमट्याला (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मला) घासते का? शॉकअपचा गॅसचा डबा साडी गार्डला अडतो का? अडतो म्हणून साडी गार्ड कापू मात्र नका, मागे बसणाऱ्याचे कपडे त्याच्यामुळेच चाकात जात नाहीत. चेनचा ढिलेपणा इंजिनचं स्प्रॉकेट, चिमटा ज्यावर फिरतो तो पिन आणि मागचा एक्सल एका रेषेत आल्यावर बघा. चेन सगळ्यात ताणलेली तिथेच असते.

लांबी कमी पडते म्हणून खाली लोखंडी पट्टी वेल्ड करून देणारे भेटतील. ते कधीही करू नका. गॅसचा शॉकअप दाबाखाली असतो, त्याला वेल्डिंग किंवा कटिंग लावणं जिवावरचं आहे. आणि डोळे जुळावेत म्हणून साधा तेलाचा शॉकअप उलटा लावू नका. आत हवा शिरून तो रिकामा चालायला लागतो.

पहिली चक्कर एकट्यानं, हळू, वाघबीळपर्यंत मारा. वळणांवर हँडलकडे लक्ष ठेवा. परत आल्यावर चारही नट पुन्हा पान्यानं तपासा, आणि मगच मागे कुणाला बसवून पन्हाळ्याला जा.