जुन्या मूर्ती आणि चित्रं पाहून आजची केशरचना किंवा पोशाख नेमका कसा घडवायचा?

फॅशन डिझाइनच्या पहिल्या वर्षाला 'इतिहासातून प्रेरणा' हा प्रोजेक्ट मिळालाय, मूडबोर्डवर शिल्पांचे फोटो लावून झालेत आणि पुढे काय करायचं ते कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. त्या प्रत्येक फोटोला एकच प्रश्न विचारा: हे जागेवर टिकलं कसं? रबरबँडचं पेटंट १८४५ सालचं, सेफ्टी पिनचं १८४९ सालचं. त्याआधीचे अंबाडे आणि निऱ्या कशाच्या तरी जोरावर दिवसभर टिकत होत्याच. ते 'कशाच्या' सापडलं की डिझाइन सुचायला लागतं. नुसता आकार उचलला तर हाती फॅन्सी ड्रेस उरतो.

याचं माझ्या मते सगळ्यात चांगलं उदाहरण रोमन केशरचनेचं आहे. रोमन राण्यांच्या पुतळ्यांवरचे अवाढव्य अंबाडे म्हणजे विगच असणार, असं बरेच अभ्यासक धरून चालत. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॅनेट स्टीफन्स या हेअरड्रेसरने २००१ मध्ये तिथल्या वॉल्टर्स कला संग्रहालयात जुलिया डोम्ना या रोमन सम्राज्ञीचा अर्धपुतळा पाहिला. तो भिंतीला टेकवून ठेवलेला नव्हता, त्यामुळे डोक्याची मागची बाजू दिसत होती. तिने तो करून पाहिला, पण पिना लावून तसा अंबाडा काही केल्या उभा राहीना. शेवटी तो सुई-दोऱ्याने चक्क शिवला तेव्हा बसला. तिचा त्यावरचा शोधनिबंध २००८ मध्ये रोमन पुरातत्त्वाच्या नियतकालिकात छापून आला. म्हणून पहिली सवय ही लावून घ्या: संग्रहालयात गेलात की मूर्तीच्या मागे जा, फोटो तिथून काढा.

हे शिवणं तुम्हाला घरी करून बघता येईल. केस खांद्याच्या खाली किमान वीतभर हवेत आणि आदल्या दिवशी धुतलेले हवेत, कारण ताजे धुतलेले केस निसटतात. किंचित तेलाचा हात फिरवला तर उत्तम. डोक्यालगत एक घट्ट पाया-वेणी घाला आणि उरलेल्या केसांची दुसरी वेणी. दुसरीच्या शेवटच्या चार-पाच वळणांत लोकरीचा दोरा एका बटेबरोबर गुंफा, टोकाला त्याच दोऱ्याची गाठ मारा आणि हातभर दोरा मोकळा सोडा. तो सुईत ओवा. आता या वेणीचं वेटोळं पाया-वेणीवर बसवा, सुई डोक्याला समांतर धरून वेटोळ्याच्या कडेतून आत घाला, पाया-वेणीखालून काढा आणि परत वर आणा. दर दोन बोटांवर एक टाका पुरतो.

बिघडतं ते बहुतेक याच टाक्यात. पाया-वेणी न घालता सुट्या केसांत टाका घेतला तर चार-दोन केसांवर सगळं वजन येतं आणि टाळू ठणकते. टाक्यात वेटोळ्याचा नुसता वरचा थर आला तर तासाभरात अंबाडा लोंबायला लागतो. सुई बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची, स्वेटर शिवायची असते ती घ्या; टोकदार सुई केस चिरते आणि टोचतेही. नायलॉनचा दोरा सरकतो. सरावाला केसांपेक्षा वेगळ्या रंगाचा दोरा वापरा आणि टाके मोजून ठेवा, कारण सोडवताना एकेक टाका कापायचा असतो, ओढायचा नाही. लेयर कट असेल तर वेणीतून टोकं बाहेर येतात, तिथे गंगावण (खोटे केस) गुंफून घ्या.

आता डिझाइन कुठे आलं? टाका हाच आधार आहे हे कळलं की तो लपवायची गरज उरत नाही. जरीचा किंवा रंगीत दोरा मुद्दाम दिसू द्या, म्हणजे केसांवरच भरतकाम होतं. नर्तकीच्या अंबाड्यात एकही पिन लागत नाही, त्यामुळे प्रकाशात काही चमकत नाही, गिरकीत काही उडत नाही.

कपड्यातही हेच. व्हेनिसच्या फॉर्च्युनी या डिझायनरने १९०७च्या सुमारास केलेला 'डेल्फॉस' गाऊन ग्रीसमध्ये १८९६ साली सापडलेल्या ब्राँझच्या सारथ्याच्या चुणीदार झग्यावरून सुचलेला. बारीक चुण्यांचं रेशीम अंगावर नीट पडावं म्हणून कडेच्या शिवणींना व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरच्या काचेचे मणी लावलेले, त्यांचं वजन कापड खाली ओढतं. पण पाणी लागलं की चुण्या गेल्या, गाऊन परत कारखान्यात पाठवायचा. जपानी डिझायनर इस्से मियाके यांनी १९९३च्या 'प्लीट्स प्लीज' या कपड्यांच्या मालिकेत आधी कपडा बराच मोठा शिवला आणि मग उष्णतेने चुण्या पाडल्या, त्याही पॉलिएस्टरवर. पॉलिएस्टर उष्णतेने पाडलेली घडी धरून ठेवतं, सुती कापड धरत नाही. तिथे चुण्या शिवूनच घ्याव्या लागतात.

काळ मात्र नीट तपासा. राजा रविवर्म्याची नऊवारीतली बाई एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची आहे, तिच्यावरून शिवकाळातली स्त्री सजवू नका.

नऊवारीचंच काही करणार असाल तर शिवलेल्या साडीतल्या दोन चुका टाळा. नेसलेल्या साडीचं सगळं वजन कमरेच्या गाठीवर येतं. शिवताना तिथे इलॅस्टिक घातलं की काठाच्या भाराने साडी खाली घसरते. दीड-दोन इंची कॅनव्हासचा पट्टा आणि हूक लावा. दुसरं, कासोटा. नेसताना तो बसण्या-उठण्यापुरता सैल ठेवता येतो, शिवलेला ठेवता येत नाही. म्हणून आसनाचं माप उभं राहून घेऊ नका. मांडी घालून बसवा, बेंबीपासून खालून मागच्या कमरेपर्यंत टेप न्या आणि त्यात आणखी दोन इंच धरा.