बाबांसाठी पहिलं रिमोटचं विमान

प्रश्न : वडिलांच्या एकसष्टीला रिमोटवर उडणारं विमान द्यायचं आहे. त्यांना लढाऊ विमानाची प्रतिकृती आवडते. तीच घ्यावी का?

उत्तर : पहिल्यांदा नको. खालच्या पंखाचं लढाऊ विमान वेग कमी होताच एका पंखावर कोसळतं, आणि भेट पहिल्याच दिवशी मोडते. पंख वर असलेलं, ईपीपी फोमचं (लवचीक, सहज न तुटणाऱ्या फोमचं), 1 ते 1.4 मीटर पंखविस्ताराचं ट्रेनर, म्हणजे शिकणाऱ्यांसाठीचं विमान घ्या. त्यात जायरो, म्हणजे विमानाचा तोल सावरणारं यंत्र हवंच. रिमोटची काठी सोडली की विमान आपोआप सरळ होतं. प्रोपेलर मागे असला तर नाकावर आपटूनही सहसा वाचतो. ईपीपी फाटला तर फोमला चालणाऱ्या गोंदाने जोडता येतो.

खोक्यावर ‘आरटीएफ’ (रेडी टू फ्लाय, म्हणजे रिमोटसकट उडवायला तयार) लिहिलंय ना, ते पाहा. ‘बीएनएफ’मध्ये रिमोट नसतो, ‘पीएनपी’मध्ये रिमोटचे संकेत घेणारा विमानातला रिसीव्हरही नसतो. दोन जादा बॅटऱ्या आणि चार-पाच जादा प्रोपेलर सोबत द्या. लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी बॅलन्स चार्जरवरच, म्हणजे तिचे सगळे सेल सारखे भरणाऱ्या चार्जरवरच, समोर बसून चार्ज करावी. ठेवून द्यायची तर प्रति सेल 3.8 व्होल्टवर.

उडवण्याआधी गुरुत्वमध्य तपासा. पुस्तिकेतल्या खुणेवर, पंखाखाली दोन बोटं धरली की विमान समतोल राहिलं पाहिजे. शेपूट जड असेल तर ते आवरत नाही, म्हणून बॅटरी पुढे सरकवा.

खरी अडचण येते विमान आपल्याकडे वळल्यावर, कारण डावं-उजवं उलटं होतं. तेव्हा जो पंख झुकलेला दिसतो, त्याच बाजूला काठी न्यायची. हे आधी संगणकावरच्या सिम्युलेटरवर काही तास गिरवलेलं बरं.

मैदान मोकळं, वारा मंद, सकाळची वेळ. सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोन-उड्डाणाच्या नकाशावर ती जागा लाल (उड्डाणबंदीच्या) क्षेत्रात नाही, याची खात्री करा.