कपाटातले पेन आणि मनगटावरचे घड्याळ

चैनीच्या आणि जिवापाड जपलेल्या वस्तूंविषयी वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील तीन पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्रातला प्रश्न इतर अनेकांनीही आपापल्या शब्दांत विचारलेला असल्यामुळे त्याला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : कित्येक वर्षे मनात असलेले एक महागडे घड्याळ मी अखेर विकत घेतले. ऐपत होती, कर्ज काढावे लागले नाही, त्यामुळे पश्चात्ताप नाही. पण थोड्याच दिवसांत ते मनगटावर आहे याचेही भान राहीनासे झाले. उलट, वडिलांचे एक साधे शाईपेन कपाटात आहे. बाजारात त्याला कोणी विचारणार नाही, तरी ते हरवले तर घड्याळ हरवल्यापेक्षा कितीतरी अधिक दुःख मला होईल. खराब होईल या भीतीने मी ते वापरत नाही. मग माझ्या घरातली खरी चैनीची वस्तू कोणती मानावी, आणि पेन असेच ठेवून द्यावे का?

उत्तर : घड्याळाने आपल्याला एक इच्छा पूर्ण झाल्याचे समाधान दिले. असे समाधान फार टिकत नाही, कारण माणूस नव्या स्थितीला लवकर सरावतो. शिवाय महाग वस्तूच्या ओढीचा मोठा भाग तिच्या दुर्मीळपणात असतो, आणि दुर्मीळपणा हा काही वस्तूच्या अंगचा गुण नव्हे. १८८४ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन स्मारकाच्या शिखरावर बसवण्यासाठी अ‍ॅल्युमिनियमचे टोक मुद्दाम ओतून घेण्यात आले होते. त्या काळी हा धातू मौल्यवान गणला जात असे. १८८६ मध्ये चार्ल्स हॉल आणि पॉल एरू यांनी, एकमेकांच्या कामाची कल्पना नसताना, तो विजेच्या साहाय्याने स्वस्तात मिळवण्याची पद्धत शोधून काढली आणि पुढे त्याची भांडी घरोघर गेली. धातू तोच राहिला, मान मात्र गेला.

आपल्या मालकीची कोणतीही वस्तू माणसाला अधिक मोलाची वाटते, असे यावर कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्यांना कॉफी पिण्याचा एक साधा मग देण्यात आला होता त्यांनी तो विकताना, असा मग न मिळालेले लोक जेवढे मोजायला तयार होते त्याच्या सुमारे दुप्पट किंमत मागितली. पण घड्याळही आपल्याच मालकीचे आहे; तेव्हा केवळ मालकीने पेनाचे कोडे सुटत नाही. मला त्याचे उत्तर ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम यांच्या २००८ मधील प्रयोगात अधिक दिसते. समोरचे यंत्र कोणत्याही वस्तूची हुबेहूब नक्कल करते, असे त्यांनी लहान मुलांना भासवले. साध्या खेळण्याची नक्कल घ्यायला मुलांची हरकत नव्हती. परंतु ज्या पांघरुणाशिवाय किंवा बाहुलीशिवाय झोप येत नाही, त्या वस्तूच्या बाबतीत बहुतेकांना मूळचीच हवी होती, आणि काहींनी तर ती यंत्रात ठेवूच दिली नाही. त्याच बनावटीचे, त्याच रंगाचे कोरे पेन कोणी आणून दिले, तर आपणही अदलाबदल करणार नाही.

या न करण्याला भाबडेपणा समजू नका, कारण आपल्या पेनात दुसऱ्या कोणत्याही पेनात नसलेले काहीतरी खरोखरच असू शकते. चांगल्या शाईपेनाच्या निबच्या टोकाला अतिशय कठीण मिश्रधातूचा एक बारीक मणी जोडलेला असतो, आणि वर्षानुवर्षांच्या लिखाणाने तो लिहिणाऱ्याच्या हाताच्या कलाप्रमाणे एका अंगाने किंचित झिजतो. भिंगातून पाहिलेत तर तिथे एक इवलासा सपाट भाग दिसण्याची शक्यता आहे. वडील पेन किती तिरपे धरत, कोणत्या बाजूला वळवत, हे त्यात उतरलेले असते. आपण लिहू लागलात की ते सुरुवातीला कागदावर खरखरेल. पेन बोटांत हळूहळू फिरवत राहा. एका विशिष्ट कोनात ते एकाएकी सुळकन चालू लागेल, आणि तीच वडिलांची पकड असेल. ज्या वस्तूतून हे मिळते तीच माझ्या लेखी आपल्या घरातली खरी चैनीची वस्तू, आणि कपाट बंद ठेवून ती चैन उपभोगता येत नाही. म्हणून पेन जरूर वापरा. त्या मण्याला झिजायला अनेक वर्षे लागलेली असतात. अधूनमधून चार ओळी लिहिल्याने ती खूण पुसली जाणार नाही.

फक्त थोडी काळजी घ्या. आत वाळलेली शाई असेल तर निब साध्या, फार तर किंचित कोमट पाण्यात भिजवा. कढत पाणी आणि स्पिरिट दोन्ही टाळा, कारण जुन्या पेनांचे साहित्य त्याने बिघडू शकते. शाई भरण्याची रबरी नळी असल्यास ती बहुधा कडक झालेली असेल आणि बदलून घ्यावी लागेल. दुरुस्ती करणाऱ्याला मात्र स्पष्ट शब्दांत सांगा की निबचे टोक घासून गुळगुळीत करायचे नाही. हे एक वाक्य राहून गेले, तर ज्यासाठी पेन जपले तेच जाईल.

घड्याळाला कमी लेखण्याचे कारण नाही. ते नवे आहे, त्याच्या संगतीत अजून काही घडलेले नाही, इतकेच. ते रोज वापरा.

प्रश्न : मी हौशी वादक आहे आणि मला एक उत्तम प्रतीचे, महाग वाद्य घ्यावेसे वाटते. घरचे म्हणतात, हे चोचले कशाला? चैन करणे गैर आहे का?

उत्तर : चैन आणि गरज यांच्यातली रेघ सतत सरकत असते. अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथ यांनी १७७६ मध्येच लिहून ठेवले आहे की प्राचीन ग्रीक आणि रोमन लोकांचे लिननच्या सदऱ्यावाचून काही अडत नव्हते, पण स्मिथ यांच्या काळातल्या रोजंदारीवरच्या मजुरालाही त्याच्याशिवाय चारचौघांत जाण्याची लाज वाटली असती. त्यामुळे नुसत्या ‘चैन’ या शिक्क्याने काही ठरत नाही. अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टिन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये टीका केली ती दुसऱ्यांच्या डोळ्यांत भरण्यासाठी केलेल्या खर्चावर, आणि आपल्या पत्रात तसा सूर मला कुठेही जाणवला नाही. वाईट वाद्य सुरात राहत नाही आणि शिकणारा स्वतःच्या बोटांना दोष देत बसतो. चांगले वाद्य हा संशय दूर करते. घरच्या आवश्यक खर्चाला कात्री लागणार नसेल, तर अवश्य घ्या. शक्य असल्यास आधी तसेच वाद्य काही महिने भाड्याने आणा. ते रोज हातात घेतले जाते की खोळीतच राहते, हे घरच्यांनाही दिसेल.

प्रश्न : आईच्या पश्चात तिच्या एकाच वस्तूवर आम्हा दोघा भावंडांचा जीव आहे. ज्याला ती मिळेल त्याने दुसऱ्याला पैसे द्यावेत, असे नातेवाईक सुचवतात. पण कोणाचेच समाधान होत नाही.

उत्तर : पैशाने फक्त बाजारभावाची भरपाई होते, आणि आपला वाद बाजारभावाचा नाही. मिहाय चिक्सेंटमिहाय आणि युजीन रॉशबर्ग-हाल्टन यांनी शिकागो परिसरातील कुटुंबांना घरातल्या जिव्हाळ्याच्या वस्तूंविषयी विचारून १९८१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. लोकांनी सांगितलेली कारणे मुख्यतः आठवणींची आणि नात्यांची होती. त्यातही लहानांना ज्यांच्याशी काही करता येते अशा वस्तू प्रिय होत्या, तर आजी-आजोबांच्या पिढीला छायाचित्रे. एकाच घरात माणसे वस्तूंकडे इतक्या निरनिराळ्या नजरांनी पाहतात. तेव्हा वाटणीची बोलणी तूर्त थांबवा आणि त्या वस्तूविषयी आपल्याला काय आठवते, हे दोघांनी स्वतंत्रपणे एकेका कागदावर लिहून एकमेकांना वाचायला द्या. पुष्कळदा असे दिसते की एकाला ती वस्तू हाताळायची, वापरायची असते आणि दुसऱ्याला आईच्या आठवणीत आपलाही वाटा आहे एवढी कबुली हवी असते. तसे आढळले तर वस्तू वापरणाऱ्याकडे जावी आणि दोन्ही कागदांच्या प्रती दोघांकडे राहाव्यात. दोघांनाही ती वापरायचीच असेल, तर वर्षाआड पाळी ठरवा आणि ती कागदावर लिहून दोघांनी सही करा.