कुत्र्या-मांजराला काहीच झालेलं नसताना दरवर्षी दवाखान्यात न्यायची खरंच गरज असते का?

तुम्ही लिहिलंय की पिल्लू दोन महिन्यांचं आहे, एक सुई झालीय, मांजर घरातच असतं आणि दोघंही ठणठणीत आहेत. शिवाय गावाकडची कुत्री सुईशिवायच म्हातारी होतात, मग हा खर्च कशाला?

या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण मीही हेच म्हणायचो. म्हातारं झालेलं कुत्रं आपल्याला दिसतं, कारण ते जगलं. त्याच वेतातली बाकीची चार-पाच पिल्लं कुठं गेली, हे कुणी विचारत नाही.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. डॉक्टर नाही. पण एक पिल्लू घालवून बसलोय, त्यामुळे बोलतो. वाघ्याला पंचेचाळीस दिवसांचा असताना आणला आणि त्याच आठवड्यात पहिली सुई दिली. कार्डावर पुढची तारीख लिहून मिळाली. ते दिवस हळदीच्या सौद्यांचे होते, तारीख हुकली. म्हटलं, एक तर झालीय ना! साडेतीन महिन्यांचा झाला आणि एका सकाळी दूधभाकरीला तोंड लावेना. दुपारी उलट्या, रात्री रक्ताची हगवण. तो वास एकदा आला की माणूस विसरत नाही. तीन दिवस सलाईन चालू होतं, चौथ्या पहाटे गेला. पार्व्हो, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांना धरणारा विषाणूचा आजार.

मी डॉक्टरांवर चिडलो, लस दिली होती ना म्हणून. त्यांनी शांतपणे समजावलं. पिल्लाला आईच्या चिकातून प्रतिकारशक्ती मिळते. ती अंगात आहे तोवर पिल्लू वाचतं, पण तीच शक्ती आपण दिलेली लसही निकामी करते. ती ओसरते कधी? कुणाची सहाव्या आठवड्यात, कुणाची पार सोळाव्या आठवड्याला, आणि वरून काही कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी सुई द्यायची आणि शेवटची सोळा आठवडे भरल्यावर. पहिल्या सुया राखण म्हणून असतात, खरी भिस्त शेवटच्या सुईवर. मी पहिला हप्ता भरून कर्ज फिटलं समजत होतो.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली ती फार कामाची. पार्व्होचा विषाणू अंगणात, फटीत कित्येक महिने टिकतो आणि साध्या फिनाइलला दाद देत नाही. ब्लीचिंग पावडर लागते. आम्ही वर्षभर दुसरं पिल्लू आणलंच नाही. शेवटची सुई होईपर्यंत तुमच्या पिल्लालाही रस्त्यावर, गटारीकडेला हुंगायला सोडू नका.

आता दरवर्षीचं. पहिल्या वर्षी एक बूस्टर झाला की पार्व्हो, डिस्टेंपर (हाही कुत्र्यांचा विषाणूचा आजार) वगैरेची लस तीन वर्षं पुरते, असं वर्ल्ड स्मॉल अ‍ॅनिमल व्हेटर्नरी असोसिएशन या प्राण्यांच्या डॉक्टरांच्या जागतिक संघटनेचं मार्गदर्शन आहे. आपल्याकडे बहुतेक डॉक्टर दरवर्षी देतात. यावर त्यांच्याशी मोकळेपणाने बोला, ते रागावणार नाहीत. पण लेप्टो नावाच्या आजाराची लस वर्षभरच टिकते आणि सांगलीत राहून ती टाळणं मला तरी पटत नाही. लेप्टो उंदराच्या मुतातून पसरतो, साचलेल्या पाण्यात राहतो, पायाच्या जखमेतून आत शिरतो, मूत्रपिंड आणि यकृत धरतो. माणसालाही होतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णा चाळीस फुटांवर गेली की इशारा आणि पंचेचाळीसला धोका, हे इथं पोरांनाही पाठ आहे. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला पाणी ओसरल्यावर गावभागात गुडघाभर चिखल आणि मेलेले उंदीर होते, आणि खंड्या, म्हणजे आमचं आताचं कुत्रं, त्यातूनच फिरत होतं. त्यामुळे ही लस मी मे महिन्यातच उरकतो.

रेबीजबद्दल फार सांगत नाही. तीन महिन्यांनंतर पहिली, मग डॉक्टर सांगतील तशी पुन्हा. मांजरालाही, घरातच असलं तरी. खिडकीतून बाहेर गेलं, भांडून आलं, की 'घरातलं मांजर' हा शब्द संपला. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो, त्या सुमारास बऱ्याच ठिकाणी मोफत लसीकरण होतं, लक्ष ठेवा. आणि लस दिलेलं कुत्रं चावलं तरी जखम साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरायची आणि सिव्हिलला जायचं.

जंताचं औषध पिल्लाला तीन महिन्यांपर्यंत पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत महिन्याला, नंतर तिमाहीला. वजनावर देतात, अंदाजाने नाही. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही चिकटलेलं दिसलं तर तो पट्टकृमी. बहुतेक वेळा पिसवांतून येतो, म्हणजे पिसवांचाही बंदोबस्त करावा लागतो. आमच्या गोदामातली मनी पोत्यांवरचे उंदीर खाते, तिला तर चुकवूनच चालत नाही.

मनीवरूनच एक सांगतो. आमच्या एका हमालाने तिच्या अंगावरच्या पिसवा पाहून दयेपोटी म्हशीच्या गोचिडाचं औषध चोळलं. तासाभरात मनी थरथरायला लागली, लाळ गळायला लागली. वाचली, पण दवाखाना जवळ होता म्हणून. जनावरांच्या आणि कुत्र्यांच्या गोचिडावरच्या औषधांत परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन अशी द्रव्यं असतात. मांजराचं यकृत ती पचवू शकत नाही. तीच गत पॅरासिटामॉलची. ताप वाटला म्हणून अर्धी गोळी दिली तर मांजर दगावू शकतं. कुत्र्याच्या गोचिडासाठी आता महिनाभर किंवा तीन महिने चालणाऱ्या गोळ्या मिळतात, पण त्याही डॉक्टरांना विचारूनच. आणि घराच्या भिंतीच्या फटी बघा, गोचीड अंडी तिथं घालते.

मादी असेल तर पिल्लं न होण्याच्या ऑपरेशनचं याच भेटीत विचारून घ्या. 'एकदा पिल्लं होऊ द्यावीत' याला काही आधार नाही. उलट पहिल्या माजाआधी ऑपरेशन झालं तर पुढे स्तनाच्या गाठींचा धोका बराच कमी होतो, गर्भाशयात पू होण्याचा तर जवळजवळ राहतच नाही.

खर्चाचं म्हणाल तर वाघ्याच्या त्या तीन दिवसांत जेवढे गेले, तेवढ्यात खंड्याच्या चार वर्षांच्या सुया झाल्या. वर डॉक्टर दरवेळी त्याला काट्यावर उभा करतात, दात, कान बघतात, पोट चाचपतात. गेल्या खेपेला दोन किलो वाढला म्हणून माझ्या आईला बोलणी बसली. शिळ्या चपात्या तीच घालते.

मांजर दवाखान्यात नेणं हा वेगळाच तमाशा. द्राक्षाचे दोन प्लास्टिक क्रेट तोंडाला तोंड लावून सुतळीने बांधा, आत जुनी चादर. आठ दिवस आधी खालचा क्रेट घरातच उघडा ठेवा, मांजर आपणहून त्यात झोपायला लागतं. पोत्यात घालून नेऊ नका, मी नेलं होतं, हातावरची खूण अजून आहे.

पिल्लाच्या कार्डावर दुसऱ्या सुईची तारीख काय लिहिलीय, ती आज बघा आणि मोबाईलला लावून ठेवा.